कुरव ओळखा, उडवू नका

मार्चअखेर हर्णे बंदरात मासळीच्या लिलावापेक्षा मला कुरवांचीच गर्दी जास्त खेचते. हिवाळाभर पांढुरकी असलेली डोकी आता गडद तपकिरी होतात, काळ्या डोक्याच्या कुरवाचीसुद्धा! म्हणून मी पंख पाहते. टोकाच्या काळ्या भागात पांढरे ठिपके असले तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र असली तर काळ्या डोक्याचा. तपकिरी डोक्याच्या कुरवांना आता लडाख-तिबेटकडची सरोवरं गाठायची असतात. प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते. अशा वेळी फोटोसाठी थव्यात गाडी घालणं, फरसाण उधळणं हे कसलं पक्षिप्रेम? पुळणीवर गाड्यांना बंदीच हवी. पक्षी पाहायचे तर दुर्बीण घ्या आणि लांब उभे राहा.