नाही होणार, सर!

‘नाही’ म्हणणं ही मराठी माणसाची खासियत. पुण्यातल्या दुकानदारांनी तर या शब्दावर पीएच.डी. केलीय. आपणही काही कमी नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, स्थळं बघताना, मित्राने रविवारी पहाटे साडेचारला ट्रेकसाठी फोन केला की... फटकन ‘नाही’ येतं. पण ऑफिसात बॉसने ‘फ्रायडेपर्यंत होईल ना?’ असं नुसतं विचारू दे. आतून ‘कुठल्या फ्रायडेपर्यंत?’ असं कुणीतरी ओरडत असतं आणि तोंडातून मात्र येतं, ‘हो सर, करतो ट्राय.’

‘करतो ट्राय’ म्हणजे कॉर्पोरेट मराठीतलं ‘नाही’. लोचा एवढाच, की बॉसला ते ‘हो’ असं ऐकू येतं!

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे हा लोचा सोडवणं हेच काही लोकांचं फुलटाइम काम असतं. त्यांना म्हणतात ‘अजाइल कोच’. आयटीवाल्यांना हा प्राणी चांगलाच माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. तो कोड लिहीत नाही, टेस्टिंग करत नाही, कुणाचा बॉसही नसतो. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, आधी दहा वर्षं प्रोग्रामर होता आणि आता हेच काम करतो. मावशीला पहिल्यांदा ‘कोच’ ऐकल्यावर वाटलं, ऑफिसच्या क्रिकेट टीमला शिकवत असेल. अजूनही कुणी विचारलं की ती ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढंच म्हणते आणि पोहे पुढे करते.

आता ‘अजाइल’ हा काय फंडा आहे ते बघू. पूर्वी सॉफ्टवेअर लग्नाच्या जेवणासारखं बनायचं. सहा महिने यादी, सहा महिने स्वयंपाक आणि चव थेट पंगत बसल्यावर. आमटीत मीठ नाही हे वरमाईने सांगितल्यावर कळणार! या एकामागून एक पायऱ्यांच्या पद्धतीला पुढे ‘वॉटरफॉल’ नाव पडलं. गंमत अशी, की विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली एका निबंधात या पायऱ्यांची आकृती काढली आणि हे असंच केलं तर धोका आहे, हेही तिथंच लिहून ठेवलं. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तिथंच सोडला.

मग फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी १७ सॉफ्टवेअरवाले जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वाबर, जेफ सदरलँड अशी मंडळी होती. त्यांनी चार कलमांचा एक छोटासा जाहीरनामा लिहिला. सार असं, की प्रक्रियेपेक्षा माणसं मोठी, कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी बोलणं मोठं आणि ठरलेल्या प्लॅनपेक्षा बदलाला तयार असणं मोठं. थोडक्यात, थोडंथोडं शिजवा, दर दोन आठवड्यांनी चव द्या आणि चुकलं असेल तर लगेच मीठ घाला.

वाचायला किती सोपं आहे ना? तिथंच तर गोची आहे. यातल्या दिसणाऱ्या गोष्टी कॉपी करायला अगदीच सोप्या. रोज उभ्याने पंधरा मिनिटांची मीटिंग, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, दोन आठवड्यांचा ‘स्प्रिंट’. दोन दिवसांचा कोर्स केला की नावापुढे तीन अक्षरंही लागतात. पण त्या उभ्याने होणाऱ्या मीटिंगमध्ये खरं बोलायचं कुणी? ते कुठल्याच कोर्सच्या बॅगेत मिळत नाही.

हे प्रत्यक्ष कसं असतं ते बघावं म्हणून मी मध्यंतरी हिंजवडीत दादाच्या टीमबरोबर थोडे दिवस बसले. परवानगी त्यानेच काढली होती. अट एकच, कंपनीचं नाव लिहायचं नाही. दादा तिथं सहा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर होता.

पहिल्या दिवशीचा ‘स्टँडअप’ बघून मला थेट शाळेतली प्रार्थना आठवली. नऊ जण अर्धगोलात उभे, समोर मॅनेजर. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, असे तीन प्रश्न. (‘स्क्रम’ या पद्धतीच्या २०२०च्या मार्गदर्शिकेतून हे तीन प्रश्न काढून टाकलेत. पण इथं ते पाठच झालेले.) प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून पहिली दोन उत्तरं द्यायचा आणि तिसऱ्याला म्हणायचा, ‘नो ब्लॉकर्स.’ नऊ माणसं, दोन महिन्यांचं अवघड काम आणि अडचण कुणालाच नाही! कंपनीत एकमेकांना नावाने हाक मारायची पद्धत होती, पण नजरेतलं ‘सर’ काही गेलेलं नव्हतं.

मला वाटलं, दादा आता काहीतरी लेक्चर देईल. त्याने फक्त दोन गोष्टी केल्या. एक, मॅनेजरला बाहेर चहाला नेलं आणि विनंती केली, की दोन स्प्रिंट तुम्ही या मीटिंगला येऊ नका. दोन, लोक आता मॅनेजरऐवजी दादाकडे बघून बोलायला लागले, तेव्हा तो सरळ स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला. बोलणाऱ्याला नजर द्यायला कुणी उरलंच नाही. मग नाइलाजाने ती माणसं एकमेकांकडे बघून बोलायला लागली.

आणि एका बुधवारी नांदेडहून आलेली, दोनच वर्षांचा अनुभव असलेली एक टेस्टर मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘पेमेंटचं टेस्टिंग फ्रायडेपर्यंत नाही होणार. टेस्ट डेटाच आलेला नाही. आठ दिवस झाले.’

जाम शांतता. एसीचा आवाज ऐकू यायला लागला. मला राहवेना, पण दादा गप्प. (नंतर म्हणाला, ‘मी मनात आकडे मोजत होतो. अशा वेळी कोच बोलला तर टीम बोलत नाही.’) शेवटी एक सीनियर म्हणाला, ‘अगं, मग मला सांगायचं ना!’

ती म्हणाली, ‘सर, रिपोर्टमध्ये तुम्ही सगळे ग्रीनच लिहीत होता.’

आता बघा, या मुलीचं त्या महिन्यात अप्रेझल होतं. तिच्या लेखी ‘नाही होणार’ हे साधं वाक्य नव्हतं. त्याची किंमत तिला पगारात मोजावी लागली असती. सीनियरला तीच गोष्ट फुकटात बोलता आली असती, पण तो बोलला नाही. ऑफिसातलं सत्य बऱ्याचदा सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला आधी कळतं आणि बोलायला सगळ्यात महागही त्यालाच पडतं. कोचचं खरं काम असेल तर ते हे, की हा भाव खाली आणायचा.

त्या वेळी झालं असं, की टेस्ट डेटा दुसऱ्या दिवशी आला. पेमेंटचा भाग त्या रिलीजमधून वगळला, बाकीचं वेळेवर गेलं. क्लायंट कुरकुरला, पण आठ दिवस आधी कळलं म्हणून त्याने त्याच्या बाजूची तारीख हलवली. तीच गोष्ट रिलीजच्या आदल्या रात्री कळली असती तर? त्या नऊ जणांचा वीकेंड, क्लायंटचा भरवसा आणि बळीचा बकरा म्हणून बहुतेक तीच मुलगी... सगळंच गेलं असतं.

‘पण हे सगळं जरा सॉफ्ट-सॉफ्ट वाटतं,’ असं मी दादाला म्हटलं, तर त्याने मला एमी एडमंडसन यांच्या संशोधनाबद्दल सांगितलं. हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा त्यांनी अभ्यास केला. तो १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी, की चांगल्या टीमच्या चुका कमी असतील. आकडे उलटेच आले. चांगल्या टीमच्या नोंदवलेल्या चुका जास्त होत्या! नीट बघितल्यावर लक्षात आलं, की त्या टीम बहुधा जास्त चुकत नव्हत्या, चुकल्यावर जास्त बोलत होत्या. तेव्हा ज्या टीमचा रिपोर्ट कायम हिरवागार असतो, तिथं जरा काळजीच करावी.

अजाइलची बरीचशी साधनं मुळात हा छोटा आवाज वाचवायलाच तर आहेत. ‘प्लॅनिंग पोकर’ घ्या. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२मध्ये मांडलेला हा खेळ. एखादं काम किती मोठं, याचा अंदाज प्रत्येकाने पत्त्यावर द्यायचा. आकडे १, २, ३, ५, ८, १३ असे. (याला फिबोनाची म्हणतात, पण हीच आकड्यांची साखळी छंदशास्त्रात लघु-गुरू मोजताना आपल्याकडे हेमचंद्रांना फिबोनाचीच्या आधी माहीत होती. कॉलर टाइट!) खेळाची खरी चलाखी म्हणजे पत्ते सगळ्यांनी एकदम उघडायचे. सीनियरचा ३ बघून ज्युनियरने आपला १३ गुपचूप लपवू नये म्हणून. आणि ३ व १३ एकदम पडले, तर त्या दोघांनी आधी बोलायचं.

किती छान ना? पण मग कुणीतरी हे आकडे एक्सेलमध्ये टाकतं. ‘टीम ए’ने स्प्रिंटमध्ये ४० पॉइंट केले, ‘टीम बी’ने २५च, ‘बी’वाले आळशी! पुढच्या महिन्यात ‘बी’वाले ३ च्या कामाला ५ म्हणायला लागतात आणि ग्राफ वर जातो. काम तेवढंच. स्नोबर्डच्या त्या १७ जणांपैकी रॉन जेफ्रीज यांनी २०१९मध्ये लिहिलं, की हे स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले आणि आता त्याचं वाईट वाटतं. रॉइस यांच्या आकृतीचं झालं तेच पुन्हा. वस्तू उचलली, इशारा सोडला.

म्हणूनच दादा म्हणतो, टीमला शिकवणं हा निम्माच भाग. उरलेला निम्मा वरच्या मजल्यावर असतो. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘किती पॉइंट केले’ हा रकाना असेल, तर खाली कितीही रंगीत चिठ्ठ्या लावा, माणूस ‘नो ब्लॉकर्स’च म्हणणार. तो रकाना काढायला एचआरला राजी करणं, हे त्याचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. त्यात तो दर वेळी जिंकतो असं नाही. इथं तो अर्धाच जिंकला. रकाना राहिला, त्याचं वेटेज कमी झालं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. दर स्प्रिंटनंतर ‘रेट्रो’ होतो, म्हणजे काय बरं झालं, काय बिघडलं यावर गप्पा. पहिल्या रेट्रोमध्ये चिठ्ठ्या काय आल्या? ‘एसी फार थंड आहे.’ ‘मशीनचा चहा भंगार आहे.’ मी हसले. दादा हसला नाही. तो संध्याकाळी अ‍ॅडमिनच्या मागे लागला आणि तीन दिवसांत एसीचं तापमान बदलून आणलं. ‘लोक आधी एसी टाकून बघतात,’ तो म्हणाला. ‘बोलल्यावर काही हलतं का, याची टेस्टिंग असते ती. एसी हलला तर पुढच्या वेळी खरं बोलतात.’

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०२३मध्ये ‘कॅपिटल वन’ या अमेरिकी बँकेने अजाइलशी संबंधित सुमारे १,१०० पदं एका फटक्यात रद्द केली. ही कामं आता इंजिनीअरांनीच करावीत, असं त्यांचं म्हणणं. दादाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी सन्नाटा होता. होम लोन त्यालाही आहेच. त्याचं हिंजवडीचं काँट्रॅक्टही पुढे वाढलं नाही. टीम आता आपली आपण चालते म्हणे. मी विचारलं, ‘वाईट नाही वाटत?’ तर म्हणाला, ‘शिकवणीच्या मास्तराचं असंच असतं. पोरगं स्वतः अभ्यास करायला लागलं की फी बंद.’ हसत म्हणाला, पण लगेच मोबाइल काढून नवीन कामाचे मेल बघायला लागला.

तर मंडळी, तुम्ही आयटीत असा, बँकेत असा की जाहिरात कंपनीत, तुमच्याकडे कोच असेलच असं नाही. पण या सोमवारी एक करून बघा. तुमच्यापेक्षा ज्युनियर कुणी चाचरत ‘नाही होणार’ म्हणालं, तर लगेच ‘का?’ विचारू नका. ‘का’ म्हटलं की आपल्या पिढीला शाळेतली पट्टीच आठवते. त्याऐवजी विचारा, ‘मग काय लागेल?’ आणि उत्तर येईपर्यंत मनात दहापर्यंत आकडे मोजा. जमलंच तर स्वतःच्या बुटांकडे बघा!