पट्टी बांधण्याआधी जखम कोणी पाहिली?

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधली 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. 'जुनी होती, पडली' हे नेहमीचे स्पष्टीकरण तिथे चालण्यासारखे नव्हते.

त्याच रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी, कर्जत-खालापूरकडे भातखाचरांच्या जागी कितीतरी सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या तुळयांना तडे दिसू लागले, की आता हमखास नाव निघते ते कार्बन फायबरचे.

हे तंत्र थोतांड नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नजवळ इबाखच्या पुलात भोक पाडताना आतली ताणलेली पोलादी तार तुटली होती. १९९१ साली तो पूल कार्बनच्या पट्ट्या चिकटवून सावरला. १७५ किलो पोलाद लागले असते, तिथे ६.२ किलोंवर भागले! तुळई वाकू लागली की तिच्या तळाला ताण बसतो. इपॉक्सीने चिकटवलेले धागे तो वाटून घेतात. वजन वाढत नाही, धाग्यांना गंज चढत नाही.

पण हे धागे चिकटतात कशाला? काँक्रीटच्या कातडीला. तीच पोचट असेल, तर पट्टी कातडीसकट सुटते, आणि तीही अचानक. आपल्याकडे दुखणे नेमके तिथेच आहे. चार महिन्यांचा पाऊस गच्चीतून मुरत सळयांपर्यंत पोचतो. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. त्यावर नुसती पट्टी मारली, तर गंज आत सुखाने चालू राहतो. पूर्वी निदान पोपडा पडला की माणूस घाबरून वर बघत असे. आता तीही सोय नाही.

शिवाय आग. सामान्य इपॉक्सी ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. म्हणून पट्टी निकामी झाली तरी मूळ तुळईने रोजचा भार तोललाच पाहिजे, असा या शास्त्राचा दंडक आहे. जी तुळई पट्टीविना उभीच राहणार नाही, तिला हा उपाय नाहीच.

सोसायटीच्या सभेत दरपत्रक आले, की सगळे पट्टीचा दर वाचतात. पोचट काँक्रीट तोडणे, सळया साफ करणे, गळती बंद करणे, चिकटपणा ओढून तपासणे ही कामे त्यात आहेत का, आणि ती पाहणारा अभियंता ठेकेदाराचा की सोसायटीचा, हे सहीपूर्वी विचारावे.