तिसऱ्या ओळीचा मोह

तांब्याचं जुनं, हिरवट-काळं नाणं शेतात सापडलं की आपल्याकडे त्याची ओळख दोन मिनिटांत पटते. ती शिवराई असते, आणि थेट शिवाजी महाराजांची असते. यातला पहिला भाग बऱ्याचदा बरोबर निघतो. दुसरा ठरवायला जो पुरावा लागतो, तो कळंकाखाली गेलेला असतो किंवा मुळात नाण्यावर उमटलेलाच नसतो.

शिवराईची मांडणी साधी आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. गोम अशी, की ठसा चकतीपेक्षा मोठा असे. हातोड्याचा घाव बसला की चकतीवर जेवढा मावेल तेवढाच मजकूर येई. ठिपक्यांचं पुरं वर्तुळ मिरवणारी शिवराई म्हणूनच दुर्मीळ. मधली ‘राजा’ची ओळ सहसा वाचते. तिसरी, म्हणजे राजाच्या नावाची ओळ, काठाबाहेर जाते किंवा अर्धी राहते. खरा फरक तर तिथेच आहे, कारण याच मांडणीची नाणी संभाजी महाराजांच्या आणि शाहू महाराजांच्या नावानेही पाडलेली आहेत.

बरं, ‘शिव’ स्वच्छ वाचता आलं तरी भागत नाही. महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी त्यांच्यानंतर पिढ्यानपिढ्या पाडली जात राहिली. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, आणि मक्तेदार पुष्कळदा सोनार असत. ठसा कोरणारा बदलला की अक्षराचं वळण बदले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. उत्तर मराठेशाहीतल्या दुदांडी शिवराईवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेषा येतात. मजकूर पार झिजला तरी त्या दोन रेषांवरून नाण्याचा काळ बराच जवळ आणता येतो. इंग्रजी अमल आल्यावरही शिवराई लगेच बाजारातून उठली नाही. म्हणजे आपल्या हातातलं नाणं १६७४च्या राज्याभिषेकापासून पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांतलं कुठलंही असू शकतं. बाजार मात्र पहिल्याच वर्षाचा भाव सांगतो.

मग गंजलेल्या नाण्याबद्दल नक्की काय म्हणता येतं? पुष्कळ काही, फक्त ते मोठ्या नावाचं नसतं. दिवा किंवा टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ नाण्याच्या पातळीत आणून नाणं सावकाश फिरवलं, की सपाट वाटणाऱ्या कवचाखालून एखादा काना, वेलांटीचा बाक, ठिपक्यांची रांग सावलीने उठून दिसते. जाडी आणि व्यास मोजता येतात. काठ पाहिला की चकती छिन्नीने तोडली होती की ओतली होती, हे कळतं. वजनही करावं, पण जपून. मातीत मुरलेल्या नाण्यातलं तांबं झडून ते हलकं होतं आणि वर चढलेल्या थरांनी जडही होतं. शिवराई साधारण दहा ते चौदा ग्रॅम भरते, एवढ्यावर गंजलेल्या तुकड्याची जात ठरवायला निघणं धाडसाचं आहे.

आपण यातलं काही करण्याआधी चिंच आणि मीठ आणतो. तांब्याच्या नाण्याला हिरवा गंज दोन तऱ्हेचा लागतो. एक घट्ट, गुळगुळीत, काळपट हिरवा. तो नाण्याचं रक्षणच करतो, आणि अक्षरांचे उंचवटे कित्येकदा त्या थरातच टिकून असतात; खालचं तांबं केव्हाच गेलेलं असतं. दुसरा फिकट हिरवा, भुकटीसारखा, नखाने सुटणारा. त्याच्या मुळाशी क्लोराइड असतं. पावसाळी हवेतली ओल मिळाली की त्यातून आम्ल तयार होतं, ते उरलेलं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, आणि चक्र चालू राहतं. चिंच पहिला, राखणारा थर उतरवते आणि मीठ दुसऱ्याला खाऊ घालतं. देव्हाऱ्यातला तांब्या उजळायचा हा उपाय नाण्यावर केला, की दोन दिवस ते झळकतं आणि पुढच्या श्रावणापर्यंत त्यावर फोड येतात. घासून लालभडक केलेली शिवराई पाहिली की माझं डोकं फिरतं, कारण तिच्यावरचं अक्षर गेलं ते मातीत नव्हे, मोरीत.

नाण्याच्या ओळखीचा मोठा भाग तर नाण्यावर नसतोच. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एका नाण्याने दोन राजांचा क्रम सांगितला असता. पण साठा एकत्र हाती आला, म्हणून जिंकलेल्या मुलखातलं चलन नव्या राजाने केवढ्या प्रमाणावर आपलंसं केलं होतं ते दिसलं. तीच नाणी सुटी होऊन सराफांच्या पेठेत पोचली असती, तर चांदीच्या भावाने वितळली असती.

आपला १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांवरची मौल्यवान वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. आणि सरकारने ती घ्यायची ठरवली तर मोबदला म्हणून धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. बारा ग्रॅम तांब्याचे या हिशेबाने किती पैसे होतात, ते भंगारवालाही सांगेल. त्यासाठी कचेरीचे हेलपाटे कोण घालणार? नाणं मुकाट्याने जुन्या बाजारात जातं आणि सापडल्या जागेचं नाव वाटेत गळून पडतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करून घेण्याची योजना आहे. वस्तू बहुधा सापडणाऱ्याकडेच राहते, नोंद मात्र सगळ्यांची होते, आणि अशा नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. आपल्याकडे तलाठी शेताच्या बांधापर्यंत पोचलेला आहे आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी एक मोजपट्टी, वजन आणि गट क्रमांक, एवढं नोंदवून नाणं शेतकऱ्याच्या हाती परत द्यायचं ठरलं, तर किती ग्रामपंचायतींच्या हद्दीत दुदांडी निघते आणि किती ठिकाणी जुनी शिवराई, याचा नकाशा पाच वर्षांत हाती येईल. त्यासाठी नाणं घासावं लागत नाही, आणि तिसरी ओळ वाचता आली नाही तरी चालतं.