सडेतोड शब्दाचा पत्ता

मा. बिशप महोदय,
वसई धर्मप्रांत



गेली तीस वर्षं मी आमच्या धर्मग्रामात रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला शिकवते. दरवर्षी एखादं तरी मूल विचारतं, "टीचर, मित्र चुकत असेल तर त्याला तोंडावर सांगायचं की त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करायची?" मुलांचा हा प्रश्न आता आम्हा मोठ्यांच्या भांडणाचा विषय झाला आहे. पोप फ्रान्सिस यांचं विवाह आणि कुटुंबावरचं 'अमोरिस लेटिशिया' हे पत्र २०१६ मध्ये आलं, तेव्हापासून तर जास्तच. एक बाजू म्हणते, चर्च फार मऊ झालं, पापाला पाप म्हणायची हिंमत उरली नाही. दुसरी म्हणते, ओरडून ओरडूनच आपण माणसं घालवली. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत, छोट्या ख्रिस्ती समूहात, लग्नाच्या मांडवात हा वाद मी ऐकते आणि दर वेळी मला माझे वडील आठवतात.

मी आठवीत होते. वडील दारू प्यायचे. एका रविवारी प्रवचनात तेव्हाच्या फादरांनी दारूवर बोलताना नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं: वाडीतलं घर, गहाण पडलेले दागिने, थकलेली शाळेची फी. मिस्साला आलेल्या बायकांनी माना वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. आईने पदर पुढे ओढला. वडील प्रवचन संपायच्या आत उठून गेले आणि पुढची सहा वर्षं त्यांनी चर्चची पायरी चढली नाही. दारू मात्र वाढली.

मग दुसरे फादर आले. ते संध्याकाळी आमच्या वाडीत येत, विहिरीच्या काठावर बसत, केळीच्या भावाबद्दल बोलत, पाणी खारं होत चाललंय का ते विचारत. चर्चला का येत नाही, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. असे चार महिने गेले. मग एका संध्याकाळी आई आत चुलीपाशी आणि मी ओट्यावर असताना ते वडिलांना म्हणाले, "तुमच्या सायकलची घंटी वाजली की तुमची मुलगी पुस्तक मिटून आत पळते. तिला तुमची भीती वाटते. हे पाप आहे, आणि ते तुमचंच आहे."

पहिल्या फादरांचा एकही शब्द इतका कठोर नव्हता. तरी या शब्दांनी वडील उठून गेले नाहीत. रडले. पुढच्या शनिवारी कन्फेशनला गेले. दारू सुटायला त्यानंतर दोन वर्षं लागली, मधे दोनदा घसरले, दोन्ही वेळा फादर पुन्हा विहिरीवर येऊन बसले.

बिशप महोदय, त्या संध्याकाळपासून मला वाटत आलं आहे की सौम्य की सडेतोड, हा प्रश्नच आपण अर्धा विचारतो. शब्द कोण बोलतो, कुणाला बोलतो, कुठे बोलतो आणि बोलण्याआधी त्या माणसाजवळ किती वेळ बसला आहे, हा उरलेला अर्धा प्रश्न आपण सोडून देतो.

विहिरीवरचीच एक गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शोमरोनी बाईकडे येशू आधी पाणी मागतो. तहानलेला माणूस म्हणून तिच्यापुढे हात पसरतो. तिच्या पाच नवऱ्यांचा विषय नंतर येतो आणि तो आडवळणाने येत नाही. पण त्या वेळी तिथे गाव नाही, शिष्यही अन्न आणायला गेलेले. म्हणूनच ती बाई पुढे स्वतःहून गावाला सांगायला धावते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर येशूने पायऱ्याच घालून दिल्या आहेत: आधी दोघांतच बोला, मग एक-दोघांना सोबत घ्या, त्यानेही जमलं नाही तरच मंडळीपुढे आणा. आपल्याकडे पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात होते, कारण ती सर्वांत सोपी आहे. वेदीवरून बोलायला चार महिने विहिरीवर बसावं लागत नाही.

पण सडेतोड बोला म्हणणाऱ्यांची बाजूही मला टाकून देता येत नाही. चुकणाऱ्याला सावध करणं हे चर्चने दयेच्या आध्यात्मिक कृत्यांत मोजलं आहे, दुःखिताचं सांत्वन करण्याच्या आणि अपराध्याला क्षमा करण्याच्या रांगेत. संत थॉमस अक्वायनस बंधुभावाने केलेल्या कानउघाडणीला प्रीतीचं कृत्य म्हणतो. आमच्या आळीत एक जोडपं चर्चविवाहाविना राहत होतं. आम्ही सगळे हसून बोलायचो, सणाला केक पाठवायचो, त्यांच्या आयुष्यात नाक खुपसायचं नाही याचा आम्हाला अभिमान होता. नवरा वारल्यावर ती मला म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कुणीच एकदाही विचारलं नाही. आम्ही वाट बघत होतो. वाटायचं, यांना आमचं काही पडलेलंच नाही." तिला मी काय उत्तर देणार होते? आमच्या सौम्यपणात माया थोडी आणि संकोच जास्त होता.

या दोन्ही बाजू एकाच माणसात कशा जुळतात, ते संत जॉन मेरी व्हियानीकडे दिसतं. तो १८१८ मध्ये आर्स या फ्रान्समधल्या खेड्यात आला, तेव्हा जेमतेम अडीचशे माणसांचं ते गाव होतं. सुरुवातीची त्याची प्रवचनं गुत्ते आणि नाच यांच्यावर आसूड ओढणारी होती. त्या काळच्या कडक शिकवणीत तयार झालेला हा धर्मगुरू लोकांना पापमुक्ती देणंही लांबवायचा. पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या नीतिशास्त्राचा त्याच्यावर परिणाम झाला आणि तो बदलला. पाप त्याने कधी लहान केलं नाही. मात्र कन्फेशनला येणाऱ्याला प्रायश्चित्त थोडं द्यायचं आणि उरलेलं स्वतः उपवास-प्रार्थनेने भरून काढायचं, असा त्याचा रिवाज झाला. दिवसाला सोळा-सोळा तास तो कन्फेशनच्या कोठडीत बसायचा आणि फ्रान्सभरातून माणसं त्या आडगावात येऊन रांग लावायची. पापाचं ओझं दाखवणारा स्वतः त्याचं एक टोक उचलतो, तेव्हा कठोर शब्दही ऐकला जातो.

आता माझ्या पत्राचा खरा विषय. आपल्या सडेतोड शब्दांचा पत्ता चुकतो आहे.

आपण कुणावर कडक असतो? बिनलग्नाची गरोदर मुलगी, दारुडा, दुसरं लग्न केलेली बाई, परधर्मीयाशी लग्न केलेला मुलगा, मिस्सा चुकवणारे तरुण. ही माणसं उलटून बोलत नाहीत. आणि आपण सौम्य कुणाशी असतो? बावखलं, म्हणजे आपली पाण्याची तळी, बुजवून त्यावर इमारती उठवणाऱ्याशी, भावाबहिणींच्या सह्या फसवून घेऊन वाडी विकणाऱ्याशी, वाडीत राबणाऱ्या आदिवासी मजुराची मजुरी थकवून मुलाच्या लग्नात लाखो उधळणाऱ्याशी. त्यांची नावं देणगीदारांच्या पाटीवर असतात आणि सणाच्या दिवशी त्यांच्यासाठी पुढची खुर्ची राखलेली असते. त्यांच्याबद्दल विचारलं की उत्तर मिळतं, माणूस हळूहळू बदलतो, धीर धरायला हवा. हा धीर त्या गरोदर मुलीच्या वाट्याला का येत नाही?

शास्त्रात आणि परंपरेत हे उलटं आहे. नाथान संदेष्टा बोट दाखवतो ते दावीद राजाकडे. येशूचे सर्वांत जळजळीत शब्द शास्त्री-परुश्यांसाठी आहेत. व्यभिचारात पकडलेल्या बाईला तो आधी दगडांपासून वाचवतो, मग पुन्हा पाप करू नकोस म्हणतो. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने हजारो माणसं कापली गेली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने सम्राटाला कळवलं की प्रायश्चित्त केल्याशिवाय तुझ्यासमोर मी मिस्साबलिदान अर्पण करू शकत नाही. ते पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, एकट्या सम्राटाने वाचावं म्हणून. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसालाही त्याने आधी एकांताचा मान दिला, आणि शब्द मात्र तसूभर कमी केला नाही. सम्राटाने पुढे लोकांसमोर प्रायश्चित्त केलं.

आपल्या मातीतही हा वारसा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिक चालवलं आणि हरित वसईच्या लढ्यात जमीन-पाणी लुटणाऱ्यांविरुद्ध उभे राहिले. सत्तेपुढे त्यांचा आवाज चढायचा. दुसऱ्या धर्माच्या माणसाशी बोलताना तोच आवाज मैत्रीचा व्हायचा. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा ख्रिस्ती नसलेली किती माणसं हळहळली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. सुवार्ताप्रसार याहून वेगळा काय असतो?

आणि जोर चुकीच्या दिशेला लावला की काय होतं, तेही आपल्या किनाऱ्याने पाहिलं आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय, आलं आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत टिकलं. धाक दाखवून सुधारलेल्या माणसाची श्रद्धा किती खरी, हे त्याला विचारायची सोयच त्या न्यायालयाने ठेवली नव्हती. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी शिकून जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. ऐकणाऱ्याच्या भाषेत शिरायला त्यांनी आयुष्य दिलं. इन्क्विझिशनचं नाव घेताना आज आपली मान खाली जाते, ख्रिस्तपुराणाचं घेताना ताठ होते.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या करते.

पहिली, वेदीवरून कुणाही व्यक्तीची किंवा ओळखू येईल अशा घराची कानउघाडणी होऊ नये, असं आपण सर्व धर्मग्रामांना लिहून कळवावं. ती मत्तयाच्या पहिल्या पायरीपासून, एकांतातच, सुरू व्हावी.

दुसरी, जमीन, पाणी, मजुरी, लग्नातली उधळपट्टी या आपल्या सामूहिक पापांवर मात्र वेदीवरून स्पष्ट बोललं जावं, देणगीदार पहिल्या बाकावर बसला असला तरी.

तिसरी, कन्फेशनसाठी वेळ वाढावा. मिस्साआधीच्या पंधरा मिनिटांत रांग पुढे सरकते, पण माणूस उलगडत नाही. उपवासकाळात तरी प्रत्येक धर्मग्रामात एक पूर्ण संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

चौथी, ज्यांचे विवाह, संसार अडचणीत आहेत, त्यांच्या घरी जाऊन बसणारी जोडपी तयार करावीत. त्यांना आधी ऐकायला शिकवावं आणि मग, वेळ आल्यावर, न अडखळता बोलायलाही.

हे पत्र मी उघड लिहिलं याचं कारण सांगायला हवं. एका माणसाची चूक असती तर मी आपल्या दारात येऊन एकांतात बोलले असते. पण ही सवय आपल्या सगळ्यांची आहे, माझीही. त्या जोडप्याच्या घरी केक पाठवणाऱ्यांत मी होते.

वडील वारले तेव्हा ते दुसरे फादर बदली होऊन दूर गेले होते. तरी अंत्यविधीला आले. प्रवचनात त्यांनी वडिलांच्या दारूबद्दल एक शब्द काढला नाही. जे बोलायचं ते त्यांचं विहिरीवर, फक्त वडिलांनाच, आधीच बोलून झालं होतं.

आपली नम्र,
धर्मशिक्षणाची एक शिक्षिका