उपलब्ध आहे, परंतु परिचित नाही

एखादी वस्तू बाजारात उपलब्ध असणे आणि ती ग्राहकास ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी सांगावे लागते. ग्राहकाला ‘सार्वभौम’ म्हणताना त्याच्यापुढील पर्याय त्याला माहीत आहेत असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती तकलादू आहे, याचा प्रत्यय संगीताच्या क्षेत्रात आज जितका येतो, तितका अन्यत्र क्वचितच येत असेल. तळ्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशातील फोनमध्ये जगातील कोट्यवधी ध्वनिमुद्रणे येऊन बसली आहेत. तरीही तो आणि मुंबईत राहणारा त्याचा मावसभाऊ तीच पाच-पंचवीस गाणी ऐकत असतात. टंचाई संपली, निवडीचे दारिद्र्य मात्र कायम राहिले.

या विसंगतीचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखले जाणारे पाश्चात्त्य संगीत. साठीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या नाचाच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी विजेवरची गिटार आणि ड्रम हाती ठेवले. मात्र रचनेचा विस्तार अभिजात संगीताकडून घेतला आणि उत्स्फूर्त वादनाचे स्वातंत्र्य जाझकडून. १९६९ साली ‘किंग क्रिमसन’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली, तेव्हापासून या प्रवाहाला निश्चित रूप आले. ‘पिंक फ्लॉइड’, ‘जेनेसिस’ आणि ‘येस’ ही त्यातील गाजलेली नावे आपल्या महानगरांतील श्रोत्यांना परिचित आहेत. परंतु या प्रवाहातील खरी संपत्ती गाजलेल्या नावांच्या पलीकडे आहे.

‘जेंटल जायंट’ या इंग्रजी वाद्यवृंदाचेच पाहा. तो स्थापन करणाऱ्या शुलमन बंधूंचा आधीचा वाद्यवृंद लोकप्रिय होता. १९६७ साली त्यांचे एक गाणे ब्रिटनमधील पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसले होते. तो मार्ग सोडून त्यांनी १९७० साली नवा संसार मांडला. लोकप्रियता गमावण्याचा धोका पत्करूनही संगीताच्या सीमा रुंदावण्याचा आपला उद्देश आहे, असे त्यांनी १९७१ च्या तबकडीच्या वेष्टनावर स्पष्ट छापले. १९७२ च्या ‘ऑक्टोपस’ या तबकडीत अनेक कंठ एकमेकांत गुंतवून विणलेली त्यांची एक रचना आहे. ती प्रथम ऐकताना गोंधळल्यासारखे होते आणि चौथ्यांदा ऐकताना त्या गोंधळातील शिस्त उलगडू लागते. इटलीतील ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ने याच वर्षी कमालीचे नाजूक संगीत दिले, ‘बान्को’ या दुसऱ्या इटालियन वाद्यवृंदाने तर उत्क्रांतिवादावर संपूर्ण तबकडी रचून तिला डार्विनचे नाव दिले. फ्रान्समधील ‘मॅग्मा’च्या ख्रिस्तियाँ व्हान्देरने आपल्या गाण्यांसाठी चक्क एक नवी भाषा निर्माण केली. ही सारी ध्वनिमुद्रणे आज विनासायास मिळतात. त्यांची नावे मात्र कोणी तरी सांगावी लागतात.

ताल अनोळखी नाही

हे संगीत आपल्याला परके नाही काय, असा आक्षेप येईल. भाषा परकी आहे, वाद्येही बव्हंशी परकी आहेत. परंतु या संगीतातील जी गोष्ट सामान्य पाश्चात्त्य श्रोत्याला अवघड वाटते, तीच आपल्याला जवळची आहे. चार मात्रांच्या चौकटीत वाढलेल्या कानाला पाच, सात किंवा नऊ मात्रांचे आवर्तन अडखळवते. आपल्याकडे झपताल आणि रूपक लहानपणापासून कानांवर पडतात. ‘पिंक फ्लॉइड’चे १९७३ सालचे ‘मनी’ हे गाणे बव्हंशी सात मात्रांत चालते, हे तबल्याची जुजबी ओळख असलेल्या विद्यार्थ्याला न सांगता कळते. वीस-वीस मिनिटांची रचना धीराने ऐकणे हेही ख्यालगायनाच्या श्रोत्याला नवे नाही. आपली परंपरा सोडून या संगीताकडे जावे लागत नाही. त्या परंपरेने घडवलेला कान घेऊनच जाता येते.

यश आणि योगायोग

जे चांगले असते ते आपोआप वर येते, असा दुसरा युक्तिवाद केला जातो. त्याची परीक्षा घेणारा एक प्रयोग अमेरिकेतील सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी केला व त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. चौदा हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे त्यांनी अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली. काही श्रोत्यांना इतरांनी काय निवडले याचे आकडे दाखवले नाहीत. उरलेल्यांचे आठ स्वतंत्र गट करून प्रत्येक गटाला त्या गटापुरते आकडे दाखवले. आकडे दिसताच गाजलेल्या आणि न गाजलेल्या गाण्यांमधील दरी वाढली, आणि कोणते गाणे गाजेल याचा अंदाजही कठीण झाला. एक गाणे एका गटात पहिले आले, तर दुसऱ्या गटात चाळिसावे! उत्कृष्ट गाणी सहसा तळाला गेली नाहीत, हे खरे. परंतु मधल्या मोठ्या थराचे भवितव्य बव्हंशी योगायोगाने ठरले. आज फोनमधील यंत्रणा आपल्याला जी गाणी सुचवते, ती आपल्या व इतरांच्या पूर्वीच्या निवडींवर बेतलेली असतात. तेव्हा काल जे गाजले त्यालाच उद्या अधिक गाजण्याची संधी मिळते, यात नवल नाही.

याचा फटका केवळ श्रोत्याला बसत नाही. २०२४ पासून ‘स्पॉटिफाय’ या कंपनीने, मागील बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणावर मानधन देण्याचे बंद केले. रक्कम लहान आहे, परंतु तत्त्व लहान नाही. श्रोते कमी म्हणून मोबदला नाही आणि श्रोते वाढावेत असा मार्गही नाही, अशा कोंडीत लहान कलावंत सापडतो.

आपण काय गमावले

ही हानी दूरच्या देशातली नव्हे. सत्तरीच्या दशकात मुंबईत रॉक वाद्यवृंदांची एक जोमदार पिढी होती. सिमला सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ सालच्या तबकड्या निघाल्या. मुंबईच्याच ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदाचे संगीत २०११ साली पुन्हा बाजारात आले, तेही एका अमेरिकन कंपनीने शोधून काढले म्हणून! ‘वेल्व्हेट फॉग’सारख्या वाद्यवृंदात गाणारे नंदू भेंडे हे तर मराठी रंगभूमीच्या घरातले, आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते ज्यूडासच्या भूमिकेत गायले आणि पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त हाच रॉकचा आवाज त्यांनी मराठी प्रेक्षकांपुढे आणला. २०१४ साली ते निवर्तले. आज पदवीच्या वर्गात त्यांचे नाव घेतले तर किती हात वर होतील? मुंबईच्या ‘कोशिश’ या वाद्यवृंदाने २०१३ साली ‘फिरदौस’ ही हिंदी प्रोग्रेसिव्ह रॉकची कृती दिली. तीही याच विस्मृतीच्या वाटेने जाऊ द्यावयाची काय?

यावर सरकारी उपाय सुचवण्याचा मोह टाळलेला बरा. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी श्रोत्यांची अभिरुची सुधारण्यासाठी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोते अभिजात संगीताकडे वळले नाहीत. ते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करणे सरकारला भाग पडले. अभिरुची फर्मानाने घडत नाही. आणि ती बाजारावर सोडली तर काय होते, ते वरील प्रयोगाने दाखवलेच आहे. उरतो तो तिसरा मार्ग: जाणत्याने नवख्याला हाताला धरून नेण्याचा.

या मार्गाला लागणारी साधने आपल्याजवळ आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधारे गावोगावी वाचनालये उभी राहिली, महाविद्यालयांत वाङ्मय मंडळे आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ श्रवणासाठी राखावी. एक बरा ध्वनिक्षेपक, एक खोली आणि दहा-वीस श्रोते एवढेच भांडवल लागेल. ज्याने काही शोधले असेल त्याने दहा मिनिटे ओळख करून द्यावी, मग सर्वांनी पूर्ण रचना न बोलता ऐकावी व नंतर मनसोक्त वाद घालावा. एका आठवड्यात ‘जेंटल जायंट’ असावा, दुसऱ्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातील जाखडीचा एखादा शाहीर. दोघांची गरज एकच आहे: लक्ष देऊन ऐकणारा माणूस.

नोकरीची भ्रांत असलेल्या तरुणांपुढे ही चैन कशाला, असे कोणी विचारील. परंतु गर्दीने मान डोलावण्यापूर्वी स्वतः ऐकून स्वतः मत बनवणे ही चैन नव्हे. ज्याला गाणे स्वतः पारखता येत नाही, तो उद्या पुस्तक, बातमी आणि उमेदवार तरी कसा पारखणार? तळ्याजवळ कुड्याची लेणी आहेत. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्या लोंढ्याला त्यांची खबरही नसते. तरी जो वाट विचारीत तेथे पोहोचतो, तो रिकाम्या हातांनी परतत नाही. अपरिचित संगीताचेही तसेच आहे. वाट विचारणारे विद्यार्थी आपल्याकडे आहेत. वाट दाखवण्याची जबाबदारी शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी स्वीकारावी.