पैसा गोठ्यात नव्हे, वंशात घाला

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा मान दिला. गोप्रेमी समाजाने या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत केले आणि ते उचितच होते. परंतु मातेला पदवी दिल्याने तिचा वंश वाढत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील देशी गोधन २०१२ च्या तुलनेत सहा टक्क्यांनी घटून १४ कोटी २१ लाखांवर आले, तर विदेशी व संकरित गोधन सुमारे २७ टक्क्यांनी वाढून ५ कोटी ४ लाखांवर पोहोचले. उरलेल्या देशी गाईंतही बहुसंख्य कोणत्याच शुद्ध जातीच्या नाहीत. गोवंशावरचे खरे संकट केवळ कसायाच्या सुऱ्याचे नाही. ते वंश हरवण्याचेही आहे, आणि हा दुसरा ऱ्हास आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच गोठ्यांत चालू आहे.

याचा पहिला दोष नियोजनकर्त्यांचा. साठच्या दशकापासून होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरावर जो भर देण्यात आला, त्याने दूध वाढले आणि पश्चिम महाराष्ट्रातील लक्षावधी कुटुंबांची चूल पेटली, हे मान्य केलेच पाहिजे. पण संकर करताना मूळ जातींचे शुद्ध कळप त्यांच्या प्रदेशात राखणे, हे त्याच धोरणकर्त्यांचे कर्तव्य होते. त्यांनी देशी गाय ‘अनुत्पादक’ ठरवली आणि तिच्या निवड-पैदाशीकडे पाठ फिरवली. निवडच केली नाही, तर उत्पादन वाढणार कोठून?

दुसरा दोष मात्र आपला आहे. आज शहरातील नोकरी सोडून देशी गोपालनाकडे वळणारे अनेक तरुण दिसतात. त्यांची श्रद्धा निर्मळ असते, गाठीशी काही लाख रुपये असतात. हे पैसे जातात कोठे? प्रथम पत्र्याची भव्य शेड उभी राहते, फरशी होते, फलक लागतो. मग सौराष्ट्रातून ट्रकभर गीर गाई येतात. त्यांची निवड कपाळाचा उभार आणि कानांची लांबी पाहून केलेली असते. आईने एका वेतात किती दूध दिले, बाप कोणता, हे कोणी विचारीत नाही. उरलेली भिस्त ‘ए-टू’ या दोन अक्षरांवर. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा दावा वेष्टनावरून काढण्याची सूचना दिली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. एका परिपत्रकाने ज्याचा पाया हलतो, तो व्यवसाय कसला?

शुद्ध पैदाशीत पैशाचा क्रम वेगळा असतो. पहिला पैसा चाऱ्याचा. गोपालनातील सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. म्हणून पाणी, हत्तीघास, मका, लसूणघास, कडब्याची साठवण आणि मुरघास यांची सोय गाय येण्याआधी व्हावी. देशी गाईला साधा, हवेशीर, कोरडा निवारा आणि मोकळे फिरणे पुरते. दुसरा पैसा मोजक्याच, पण वंशावळ ठाऊक असलेल्या गाईंचा. वीस सुमार गाईंपेक्षा चार उत्तम गाई बऱ्या. त्याही सांसर्गिक गर्भपात आणि क्षयाची तपासणी करूनच घ्याव्यात.

तिसरा पैसा वळूचा, आणि येथे कंजूषी करणाऱ्याने या कार्यात पडूच नये. गाय आयुष्यात आठ-दहा वासरे देते; वळूचे रक्त मात्र कळपातल्या प्रत्येक वासरात निम्मे उतरते. एकट्याला वळू पेलत नसेल, तर चार-पाच गोपालकांनी मिळून तो पाळावा किंवा आईच्या दुधाची नोंद असलेल्या वळूच्या रेतमात्रा घ्याव्यात. वळू स्वतःच्या लेकींवर लागू नये म्हणून दर तीन वर्षांनी तो बदलणे आवश्यक. चौथा खर्च सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, तो म्हणजे नोंदवही. कानातील बारा अंकी बिल्ला, माता-पिता, रेतनाची व विण्याची तारीख, दर वेताचे मोजलेले दूध या नोंदी नसतील, तर गाय शुद्ध असल्याचा पुरावा काय? आणि पाचवा भाग हाती राखायचा. आज जन्मलेली कालवड प्रथम विण्यास साडेतीन-चार वर्षे लागतात. कर्जाचे हप्ते तोवर थांबत नाहीत.

जात कोणती, हा प्रश्न भावनेने नव्हे तर भूमीने सोडवावा. माणदेशाच्या दुष्काळात खिलार तगते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मान्यता दिल्यावर तिच्या खोंडांनाही मागणी आली. लातूर-उदगीरची देवणी दूध आणि ओढकाम दोन्हींत उपयोगी. नांदेडची लाल कंधारी, वर्ध्याची गवळाऊ, इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसात टिकणारी डांगी, कोकणची छोटी कपिला, या साऱ्या महाराष्ट्राच्याच कन्या. त्यांना डावलून प्रत्येक जिल्ह्यात गीरच बांधायची, ही स्वदेशीतली नवी परदेशी वृत्ती नव्हे काय? गीर वाईट नाही. पण गीरचा वळू देवणीवर सोडला, तर तोही संकरच.

ब्राझीलचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. भावनगरच्या महाराजांकडचा ‘कृष्णा’ नावाचा गीर वळू तेथे गेला आणि तेथील गीर पैदाशीचा एक आधारस्तंभ ठरला. १९८५ पासून त्या देशाने गीर वळूंची परीक्षा त्यांच्या लेकींच्या दुधावरून घेण्यास प्रारंभ केला. आपली ओंगोल तेथे ‘नेलोर’ झाली, आणि २०२३ मध्ये त्याच जातीच्या एका गाईचे मूल्य चाळीस लाख डॉलरहून अधिक ठरले. ब्राझील गाईची पूजा करीत नाही. तो तिची नोंद ठेवतो. आपण पूजा करतो आणि नोंद ठेवीत नाही. गाईच्या उपयुक्ततेवर बोट ठेवणाऱ्या सावरकरांशी अनेकांचे मतभेद झाले, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला पाठ दाखवून चालणार नाही.

गोशाळांनीही हे मनावर घ्यावे. भाकड आणि सोडवून आणलेल्या गाईंचा सांभाळ हे पुण्यकर्म आहेच, शासन त्यासाठी नोंदणीकृत गोशाळांना प्रतिगाय प्रतिदिन पन्नास रुपये अनुदानही देते. पण ज्या गोशाळेकडे जागा आणि दाते आहेत, तिने आपल्या प्रदेशाच्या एका जातीचा एक निवडक कळप आणि एक उत्तम वळू स्वतंत्र राखावा, आणि तो वळू पंचक्रोशीतील गरीब शेतकऱ्याला उपलब्ध करून द्यावा. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या समाजाने त्या वत्साचा पिता कोण, हे विचारायला शिकले पाहिजे. गोभक्ती तेव्हाच गोसंवर्धन होईल.