डोळ्यांवरचा उजेड

वारज्याहून कर्वेनगरमार्गे कोथरूडला निघालं की पत्ता पुतळ्यावरूनच सांगतात. कर्वे पुतळ्याच्या अलीकडे, पलीकडे, समोरच्या गल्लीत. पुण्यात पुतळे असे रोजच्या बोलण्यात मुरलेले आहेत. पण अंधार पडल्यावर त्यांच्याकडे नीट पाहता यावं, याचा विचार आपण फारसा करत नाही.

चौथऱ्याच्या पायाशी दोन फोकस ठेवायचे, तोंड वर करायचं, झालं काम. हीच पद्धत जिथे-तिथे दिसते. खालून आलेला उजेड हनुवटीखाली, नाकपुड्यांत आणि भुवयांच्या खाली भरतो. कपाळ, गाल काळे पडतात. शांत चेहराही भेसूर दिसतो. अश्वारूढ पुतळा असेल तर घोड्याचं पोट झगझगतं आणि स्वाराचा चेहरा अंधारात राहतो. ज्यांच्यासाठी पुतळा उभारला तेच दिसत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिल्पकार माती चढवतो ती वरून येणारा उजेड धरून, कारण सूर्य वरूनच तळपतो. डोळ्यांचंच घ्या. धातूच्या डोळ्याला काळी बाहुली रंगवत नाहीत. बरेच शिल्पकार तिथे खोलगट खाच कोरतात आणि तिच्यात पडलेली सावली म्हणजेच नजर. खालून दिवा लावला की सावलीची जागा बदलते आणि नजर हरवते. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला, 1928 साली पुण्यात अनावरण झालेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. घोड्याच्या मानेचे स्नायू, महाराजांची बैठक, चेहऱ्यावरचा निर्धार, सगळं सावल्यांनी बोलतं. अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे. तिथेही एकाच शिल्पाभोवती फिरताना उजेडाची बाजू बदलते तसा चेहरा बदलतो.

रात्री हे साधायचं तर मुख्य दिवा पुतळ्याहून उंच हवा, थोड्या अंतरावरच्या खांबावर आणि एका बाजूला. दुसऱ्या बाजूने मंद दिवा, सावली काळीकुट्ट होऊ नये एवढाच. समोरून सगळीकडे सारखा उजेड टाकला तर शिल्प सपाट होतं, फ्लेक्सवरच्या फोटोसारखं. ब्राँझ गडद असतं, बराच उजेड गिळतं. म्हणून वॉट वाढवत नेतात आणि मग धातूवर पांढरे चट्टे चमकतात, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. त्यापेक्षा अरुंद झोताचा, आडोसा लावलेला दिवा बरा. रंग 3000 केल्विनच्या आसपासचा, उबदार. निळसर पांढऱ्या एलईडीत ब्राँझची तांबूस झाक मरते. आणि जांभळा-हिरवा बदलत राहणारा उजेड जयंतीच्या मंडपाला शोभतो, पुतळ्याला नाही.

हे चौथरा बांधण्याआधी ठरायला हवं. नंतर खांबाला जागा उरत नाही, केबलसाठी फरशी फोडावी लागते. दिवे कायमचे बसवण्याआधी एखाद्या रात्री शिडी आणि हातातला फोकस घेऊन, शिल्पकाराला बोलावून, समोरच्या फुटपाथवरून पाहावं. पुतळ्याच्या अंदाजपत्रकात उजेडाचं कलम वेगळं असावं आणि त्यावर ठेकेदाराच्या सहीआधी शिल्पकाराची सही असावी.